कागद आमचे, पण लिहिले कोणी?

धंतोलीकर
गावाकडून रोज एकच रडगाणं. पासपोर्ट अडला, आधारवर तारीख वेगळी, टीसीवर नाव वेगळं. स्पष्ट बोलतो, ज्याला स्वतःचे चार कागद धड ठेवता येत नाहीत त्यानं यंत्रणेला दोष देऊ नये. पासपोर्ट म्हणजे देशानं जगाला दिलेला शब्द आहे. मागेल त्याला वाटायची ती वस्तू नाही.

कपाशीवाला
हे वाचून गप्प बसवत नाही, म्हणून लिहितो.

माझी टीसी मी लिहिली नाही. आधारच्या मशीनवर मी बसलो नव्हतो. टीसीत आम्ही वानखडे, आधारात वानखेडे. बाप सातबाऱ्यावर किसना, मतदार यादीत कृष्णा. सातबारा पटवाऱ्यानं लिहिला, टीसी मास्तरनं, आधार ऑपरेटरनं, आणि शिक्का सगळ्यांवर सरकारी. आमच्या म्हाताऱ्यांनी अंगठा दिला आणि जे हातात आलं ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत जपलं. कागद सांभाळले म्हणून तर आज फरक दिसून राहिला.

लहान भावाला कुवेतमध्ये काम लागलं होतं. दहावी नापास, म्हणजे पासपोर्ट ईसीआरचा, बाहेर मजुरीला जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारा. त्यावर कुवेत धरून 18 देशांत मजुरीला जायचं तर वेगळी परवानगी लागते, तीही काढायची तयारी होती. पण टीसीवर 1 जुलै आणि आधारवर 1 जानेवारी. आधार काढताना त्यानं नुसतं साल सांगितलं होतं, 1 जानेवारी आपोआप पडली. अर्ज अडकला, तोवर जागा भरली. आता पुण्यात बांधकामावर आहे. यात त्याचा निष्काळजीपणा कोणता, तो सांगा.

धंतोलीकर
वाईट वाटलं, पण मुद्दा तोच राहतो. आधार कायद्याच्या कलम 9 मध्येच आहे की तो नागरिकत्वाचा पुरावा नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपघात भरपाईच्या प्रकरणात वय ठरवताना आधार बाजूला ठेवून शाळेचा दाखला धरला. मग पासपोर्टवाल्यांनी डोळे मिटून सही करावी का? खोट्या कागदांवर पासपोर्ट निघाले तर उद्या तुमच्याच भावाला परदेशी विमानतळावर बाजूला घेतील. आणि आधार दुरुस्त करता येतं. वेळेत का नाही केलं?

सेतूवाला
दुरुस्ती म्हणता, तर केंद्रावर बसून रोज काय पाहतो ते ऐका. आधारात जन्मतारीख आयुष्यात एकदा बदलता येते, नाव दोनदा. शेतकरी आयडीसाठी सातबारा आणि आधार जुळायला पाहिजे, म्हणून लोकांनी आधार सातबाऱ्यासारखं करून घेतलं. आता ते टीसीशी जुळत नाही. एक भोक बुजवलं की दुसरं पडते. कापूस वेचून बोटांच्या रेषा गेलेल्या बायांचा अंगठा मशीन घेत नाही, ते दुखणं तर निराळंच.

परतवाडा
1 जुलैचं कोणी बोलेल का? आमच्या वर्गातली निम्मी पोरं 1 जुलैची होती. गावातल्या सगळ्या बाया काय एकाच दिवशी बाळंत झाल्या? मास्तर लोकांनी पिढीच्या पिढी खोट्या तारखेवर उभी केली. आजवर कोणी जाब विचारला नाही.

निवृत्त गुरुजी
मी विचारतो, तुम्ही असता तर काय लिहिलं असतं? एकशिक्षकी शाळा. पोराला घेऊन येणारा बहुतेक आजा, कारण माय वावरात. तो सांगणार, विहिरीला पाणी लागलं त्या साली झाला. दाखल-खारीज रजिस्टरात रकाना रिकामा ठेवायची सोय नव्हती. कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, पाहावं तर त्यात पोराचं नाव नसायचं. बापाचं नाव, जात आणि ‘लडका’ किंवा ‘लडकी’, बस. जूनअखेर वय पूर्ण भरतं म्हणून 1 जुलै. त्यामुळेच ती पोरं शाळेत बसली.

कपाशीवाला
गुरुजी, पाया पडतो, पण हे पटत नाही. माय आजही सांगते, धाकटा पोळ्याच्या करीला पहाटे झाला. साल माहीत, तिथी माहीत. पंचांगातून तारीख काढायला किती वेळ लागला असता? तुम्ही आज्याले विचारून मोकळे झाले. मायले विचारायला संध्याकाळी घरी यावं लागलं असतं.

निवृत्त गुरुजी
संध्याकाळी मी जनगणनेच्या याद्या लिहीत होतो, कुटुंब नियोजनाच्या केसेस शोधत होतो. सगळं मास्तरच्या डोक्यावर टाकू नका.

वकील, यवतमाळ
भांडा, पण या तारखेचं वजन समजून घ्या. नागरिकत्व कायद्यात 26 जानेवारी 1950 पासून 1 जुलै 1987 च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेला माणूस जन्मानंच नागरिक. 1 जुलै 1987 पासून 3 डिसेंबर 2004 च्या आधीपर्यंत जन्मलेल्याला आईबापांपैकी एक तरी भारतीय असल्याचं दाखवावं लागतं, त्यानंतर जन्मलेल्याला अट आणखी कडक. म्हणजे जूनमध्ये जन्मलेल्या पोराची तारीख गुरुजींनी 1 जुलै 1987 लिहिली, तर तो रेषेच्या पलीकडे जातो. आणि आईबापाचा कागद मागितला तर किसना की कृष्णा, हा प्रश्न येतोच.

आर्वीची लेक
सगळे बाप आणि भावावर बोलत आहेत. बाईचं काय? टीसी माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं, बँकेत मधलं नाव बापाचं. माझ्या जावेचं नाव लग्नात बदललं, तिला कोणी विचारलंही नाही. आता प्रत्येक खिडकीवर तिलाच विचारतात, ही दुसरी बाई कोण?

धंतोलीकर
1 जुलैचं मान्य करतो, ती चूक तुमची नाही. बाईंचंही. तरी पडताळणी सैल करा म्हणाल तर माझा विरोध राहील.

कपाशीवाला
सैल करा कोण म्हणालं? ज्याच्या शिक्क्यानं चूक झाली, त्यानं ती फुकट दुरुस्त करून द्यावी. गावात येऊन, एकाच टेबलावर सगळे कागद जुळवून. भावाची मजुरी बुडाली, फी गेली, वरून दोषही त्याचाच?

धंतोलीकर
फुकट दुरुस्तीचं निवेदन लिहा, सही करतो. त्यापुढे नाही.

सेतूवाला
निवेदन होईल तेव्हा होईल. घरात लहान लेकरू असेल तर जन्मनोंद तपासा. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच लागतो, टीसी चालत नाही. नोंद 21 दिवसांत फुकट होते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागते. आणि सही करायच्या आधी ग्रामसेवकानं लिहिलेलं नाव मोठ्यानं वाचून घ्या.