'निलंबन' की 'बंदी'? आणि 'पुरावा नव्हता' म्हणजे काय?

प्रश्न : गोल्फ क्लब मैदानावर सकाळच्या फेऱ्या झाल्या की आम्ही काही जण चहाला थांबतो. काल तिथे अमेरिकन फुटबॉलमधल्या इझिकिएल इलियटचं जुनं प्रकरण निघालं. माझा भाचा डॅलस काउबॉइज संघाचा चाहता. तो म्हणाला, 'खटलाच झाला नाही, पुरावा नव्हता, तरी घरगुती मारहाणीवरून निलंबित केलं.' नाशिकरोडचे एक काका म्हणाले, 'निलंबन म्हणजे शिक्षा थोडीच? चौकशी होईपर्यंत घरी बसायचं.' यातले शब्द कितपत बरोबर आहेत?

उत्तर : दादा, काकांनी सांगितलेला अर्थ कचेरीतला आहे आणि तिथे तो अचूक आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ प्रमाणे निलंबन ही शिक्षा नाही. चौकशीच्या काळात माणसाला कामापासून दूर ठेवतात आणि निर्वाहभत्ता देतात. जिल्हा परिषदेतला कुणी निलंबित झाल्याची बातमी आपण याच अर्थाने वाचतो.

एनएफएलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉल चालवणाऱ्या लीगची, गोष्ट उलटी आहे. तिथे आधी चौकशी होते आणि मग कारवाई. ऑगस्ट २०१७ मध्ये इलियटवर सहा सामन्यांची कारवाई झाली, तीच शिक्षा, आणि त्या सामन्यांचा पगारही नाही. चौकशी चालू असताना खेळाडूला पगार चालू ठेवून बाजूला बसवण्याची निराळी सोय अमेरिकन फुटबॉलमध्ये आणि बेसबॉलमध्ये आहे. आपलं 'निलंबन' खरं तर त्या सोयीला शोभतं. सहा सामन्यांना 'बंदी' म्हणावं. क्रिकेटच्या बातम्यांत 'एका सामन्याची बंदी' आपण लिहितोच की.

आता 'पुरावा नव्हता'. हे मात्र मला खरंच खटकतं. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहराच्या सरकारी वकिलांनी २०१६ मध्ये खटला भरला नाही, कारण समोर आलेली माहिती परस्परविसंगत होती. पण तक्रारदार मुलीचा जबाब होता, अंगावरच्या वळांचे फोटो होते, मोबाइलवरचे संदेश होते. लीगने त्यावरच निर्णय घेतला. हा सगळा पुरावाच. तो पुरेसा होता का, यावर भाच्याने खुशाल भांडावं. इलियटने आरोप नाकारले होते आणि तो न्यायालयातही गेला होता. पण 'अपुरा' किंवा 'परस्परविरोधी' म्हणायचं तिथे 'नव्हता' म्हटलं, की त्या मुलीचं बोलणंच पुसलं जातं.

'साक्षी' म्हणजे स्वतः पाहणारा, ही पाणिनीपासूनची व्याख्या. घराच्या चार भिंतींत मार खाणाऱ्या बाईखेरीज दुसरं कोण पाहणार? आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्यातही, कलम १३४ प्रमाणे, साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नव्हती. साक्ष विश्वासार्ह असेल तर एकही पुरे.

प्रतिसाद : ताई, पण मग कुणावरही आळ घेता येईल.

उत्तर : येईल, म्हणून तर चौकशी. पण 'आळ' शब्द जपून वापरा. मराठीत आळ म्हणजे खोटाच आरोप. 'त्याच्यावर आळ आला' म्हणताना आपण निकाल देऊन मोकळे होतो. 'तोहमत'चंही तसंच. 'आरोप' शब्द कुणाचीच बाजू घेत नाही. नाशिकच्या बातम्यांत पोलिसांनी धरलेल्याला 'संशयित' म्हणतात, तेही मला पटतं.

'शाबीत' ही त्यापुढची पायरी. फौजदारी न्यायालयात गुन्हा वाजवी संशयापलीकडे शाबीत व्हावा लागतो, कारण तुरुंगवासाचा प्रश्न असतो. खातेनिहाय चौकशीत काय जास्त संभवतं, एवढं पाहतात. त्यामुळे कोर्टातून सुटलेल्यावरही खात्याची कारवाई होऊ शकते, हे काकांना नक्की माहीत असेल. लीगची चौकशी बरीचशी या दुसऱ्या जातीची.

प्रतिसाद : व्हिडिओ असता तर वादच मिटला असता.

उत्तर : एनएफएलमधल्याच रे राइस या खेळाडूचं प्रकरण आठवा. फेब्रुवारी २०१४ मध्ये अटलांटिक सिटीच्या कॅसिनोत, शुद्ध हरपलेल्या होणाऱ्या बायकोला लिफ्टबाहेर ओढताना तो दिसला. ते चित्रण तेव्हाच लोकांसमोर आलं होतं. तरी जुलैत फक्त दोन सामन्यांची बंदी! सप्टेंबरमध्ये लिफ्टच्या आतलं, प्रत्यक्ष ठोशाचं चित्रण बाहेर आलं, आणि त्याच दिवशी संघाने करार तोडला, लीगने बेमुदत बंदी घातली. नोव्हेंबरमध्ये लवादाने ती बेमुदत बंदी रद्द केली, कारण राइसने लीगपासून काही लपवल्याचं दिसलं नाही. म्हणजे आत काय घडलं ते आधीही कळण्यासारखं होतं. आपण चाहते 'पुरावा दाखवा' म्हणतो, तेव्हा बहुतेकदा 'चित्रण दाखवा' एवढंच म्हणत असतो, आणि ज्या बाईजवळ ते नसतं तिला खोटी ठरवून टाकतो.

भाच्याला एवढं लिहून द्या : 'सरकारी वकिलांनी खटला भरला नाही. लीगने स्वतंत्र चौकशी करून सहा सामन्यांची बंदी घातली. इलियटने आरोप नाकारले.' यातलं कुठलंही वाक्य त्याला खोडता येणार नाही, काकांनाही नाही.