व्हीएस कोडमध्ये इंडेन्टेशनची रुंदी बदलूनही फरक पडत नाही

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक): व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या एडिटरच्या सेटिंग्जमध्ये ‘टॅब साइज’ (इंडेन्टेशनची, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेची रुंदी) 4 ठेवूनही, सहकाऱ्याकडून आलेली पायथॉनची फाइल उघडताच खालच्या पट्टीवर ‘स्पेसेस: 2’ दिसते, नवी फाइल मात्र 4 घेते. एडिटर पुन्हा इन्स्टॉल करावा का?

उत्तर (सातपूर): मुळीच नको. ‘डिटेक्ट इंडेन्टेशन’ हा पर्याय मुळातच चालू असतो आणि तो फाइलमधील मजकूर पाहून रुंदी ठरवतो, त्यामुळे आपला आकडा बाजूला पडतो. तो बंद करा. अर्थात तेवढ्याने आधी लिहिलेल्या ओळी बदलणार नाहीत. त्यासाठी खालच्या पट्टीवरील ‘स्पेसेस’ या शब्दावर क्लिक करून, माप 2 ठेवूनच इंडेन्टेशन टॅबमध्ये रूपांतरित करावे, मग टॅबचे माप 4 करून पुन्हा स्पेसेसमध्ये आणावे. क्रम उलटा झाला तर सगळे विस्कटते.

उत्तर (इंदिरानगर): प्रोजेक्टच्या ‘.व्हीएसकोड’ फोल्डरमधील सेटिंग्जही तपासा, कारण त्या वैयक्तिक सेटिंग्जपेक्षा वरचढ ठरतात. फाइल सामाईक असेल तर सहकाऱ्याला विचारल्याशिवाय रूपांतर करू नये, असे माझे मत आहे. गिटमध्ये (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) जवळपास प्रत्येक ओळ बदललेली दिसेल.

प्रश्नकर्ता: पर्याय बंद केल्यावर 4 दिसू लागले. रूपांतर सहकाऱ्याशी बोलूनच करीन. आभारी आहे.