आईच्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडे आणि सीबीडी ९ मिमी आलंय, कितपत काळजीचं?

रानजाई:
नमस्कार मंडळी. आई ५८ वर्षांची आहे, बरेच दिवस जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखायचं, कळ पाठीत खांद्याकडे जायची, तळकट खाल्लं की हमखास. पित्त झालंय म्हणून आवळा-सुंठ चालू होतं. शेवटी धरून नेऊन सोनोग्राफी केली. रिपोर्टात लिहिलंय: पित्ताशयात बरेच खडे, सगळ्यात मोठा ११ मिमी, भिंत ३.५ मिमी, सीबीडी ९ मिमी, तिचा खालचा भाग गॅसमुळे दिसला नाही, लिव्हरच्या आतल्या पित्तनलिका किंचित फुगलेल्या, फॅटी लिव्हर ग्रेड १. सर्जनची वेळ सोमवारची आहे. घरात सगळ्यांनी फॅटी लिव्हरचाच धसका घेतलाय, तूप बंद, भात बंद. काका म्हणतात औषधाने खडे पडून जातात, घाई करू नका. कुणी नीट सांगेल का?

प्रोबधारी:
मी सोनोग्राफी करतो म्हणून लिहितोय, आईंना न तपासता जेवढं सांगता येईल तेवढंच. रिपोर्टातली महत्त्वाची ओळ फॅटी लिव्हरची नाही, सीबीडीची आहे. सीबीडी म्हणजे लिव्हर आणि पित्ताशयातून पित्त आतड्यात नेणारी मुख्य नळी, साधारण ६ मिमीपर्यंत नॉर्मल धरतो, साठीनंतर थोडी रुंदावते आणि पित्ताशय काढलेल्यांत १० पर्यंतही चालते, पण आईंचं पित्ताशय जागेवर आहे आणि वर आतल्या नळ्याही फुगल्यात, म्हणजे खाली कुठेतरी अडथळा असण्याची दाट शक्यता. खडा असेल, क्वचित नळी आकसलेली असते किंवा स्वादुपिंडाच्या डोक्याशी काही असतं. नळीचं खालचं टोक आतड्यामागे जातं, आतड्यात हवा असली की आवाजाच्या लहरी पुढे जातच नाहीत, मग आम्ही कुशीवर वळवतो, पाणी पाजून बघतो, तरी बऱ्याचदा दिसत नाही. म्हणून "खडा दिसला नाही" याचा अर्थ "खडा नाही" असा घेऊ नका.

पित्ताशयातले खडे मात्र सोनोग्राफीत छान दिसतात. पांढरा ठिपका, मागे काळी सावली, कूस बदलली की घरंगळतो. पॉलिप म्हणजे भिंतीला चिकटलेली वाढ असेल तर सावली पडत नाही आणि तो हलतही नाही.

भिंतीचं म्हणाल तर ३ मिमीपर्यंत नॉर्मल. पण आईंनी आधी चहा-बिस्किट घेतलं होतं का? खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि भिंत जाड दिसते, म्हणून ६ ते ८ तास उपाशी बोलावतात. डेंग्यूत, कावीळीत, पोटात पाणी झालेल्यांतही भिंत सुजलेली दिसते, तेव्हा नुसत्या जाडीवरून पित्ताशयाला सूज आली असं म्हणता येत नाही. प्रोब (सोनोग्राफीत पोटावर फिरवतो तो) नेमका पित्ताशयावर दाबल्यावर कळ येते का, बाजूला पाणी आहे का, हे सगळं मिळून ठरतं.

खाडीकाठ:
काकांना एक सांगा, मुतखडा लघवीतून पडतो तसा पित्ताशयातला खडा सुखासुखी पडत नाही. त्याची बाहेर पडायची वाट त्याच अरुंद नळीतून आहे. तिथे अडकला तर कावीळ, आणि अगदी खाली अडकला तर स्वादुपिंडाला सूज, ती फार वाईट. माझ्या मावशीचं असंच झालेलं, आधी ईआरसीपी करून तोंडातून दुर्बीण घालून नळीतला खडा काढला, स्टेंट टाकला, मग काही दिवसांनी दुर्बिणीनेच पित्ताशय काढलं. आता सगळं खाते. काढलेलं पित्ताशय तिला आठवतही नाही.

रानजाई:
खूप आभार दोघांचेही, काकांना हे वाचून दाखवते. हो, सकाळी चहा घेतला होता तिने, कुणी सांगितलंच नव्हतं. एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) कालच आली, बिलिरुबिन २.४ आहे, त्यात डायरेक्ट १.७, अल्कलाइन फॉस्फटेजसमोर वरचा बाण. डोळे पिवळे आहेत की नाहीत मला कळत नाहीये. सोमवारपर्यंत थांबू का?

प्रोबधारी:
डायरेक्ट बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फटेज दोन्ही वाढलेत म्हणजे पित्त तुंबतंय, सोनोग्राफीशी हे जुळतंय. सर्जनना आजच फोन करून हे आकडे सांगा, सोमवारची वाट बघू नका, ते बहुतेक एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) सांगतील. त्यात रेडिएशन नसतं, नळी पूर्ण लांबीची दिसते, पेसमेकर किंवा अंगात काही धातू असेल तर आधीच सांगा. अंगाला खाज, गडद लघवी, मातकट पांढरट शौच यावर लक्ष ठेवा. आणि थंडी वाजून ताप आला, किंवा आई बरळायला लागल्या, ग्लानीत गेल्या तर फोनाफोनी न करता सरळ इमर्जन्सीत न्या, रात्रीचे २ वाजले असले तरी, कारण तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला की काही तासांत तब्येत ढासळू शकते.

खाडीकाठ:
आणि भात बंद करू नका हो त्यांचा, दुखण्याने आधीच जेवण कमी झालं असेल. तळलेलं तेवढं टाळा, मऊ भात, मुगाचं वरण द्या. फॅटी लिव्हरचं वजन-साखर बघून नंतर निवांत बघता येईल.

रानजाई:
फोन झाला, संध्याकाळीच बोलावलंय. एमआरसीपी उद्या सकाळी, उपाशीपोटी. रिपोर्ट आला की इथेच टाकते.