डेलिलीला पानंच पानं, फुलं का येत नाहीत?

रानजाई:
आम्ही न्यू जर्सीत. ड्राइव्हवे आणि लॉनच्या मधे २० फुटांचा वाफा आहे, दिवसभर कडक ऊन. तीन वर्षांपूर्वी स्टेला दे ओरो या डेलिलीच्या जातीची १० रोपं लावली, मागची दोन वर्षं पिवळ्या फुलांनी वाफा भरून गेला होता आणि यंदा जून संपत आला तरी पानं हिरवीगार दाट, दांडे मोजून चार. आई पुण्याहून आलीय सप्टेंबरपर्यंत, तिला रोज देवाला एक फूल हवं असतं म्हणून जास्तच जीव तुटतोय. काय चुकतंय?

मातीमित्र:
ऊन भरपूर आहे म्हणजे पहिला संशय खतावर. लॉनला खत टाकता का? त्यात नायट्रोजन भरपूर असतो, तो वाफ्यात उडाला की पानं माजतात आणि फुलं रुसतात. आणि बुंध्याशी बोट घालून बघा, मुळं आणि पानं जुळतात तो भाग मातीखाली साधारण १ इंचच हवा.

रानजाई:
अहो हो, एप्रिलमध्ये लॉनवाला मशीनने खत फेकून गेला! आणि मल्च, म्हणजे मातीवरचं आच्छादन, मीच दरवर्षी नवीन ओतते, आत्ता मोजलं तर ४ इंच निघालं. आता गड्डे काढून सुटे करू का?

ओहायोकर:
आत्ता नको, उन्हाळा ओसरला की करा, साधारण ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. फावड्याने नाही, बागकामाच्या दातेरी काट्याने उचला, माती धुवा म्हणजे गड्डा कुठे सुटतो ते दिसतं, दोन-तीन फुटव्यांचा एक भाग ठेवा, पानं वीतभर ठेवून कापा आणि दीड फुटावर लावा. तोवर मल्च बुंध्यापासून बाजूला सारा, आठवड्याला एकदा मुरेल असं पाणी द्या. स्टेला एकदाच फुलून थांबणारी नाही, पुन्हा दांडे काढते, त्यामुळे आईंना फुलं मिळायची आशा आहे. आमच्याकडे कळ्या हरणं खातात, नुसता बोडका दांडा उरतो, तेही बघत जा.

मातीमित्र:
देवाला सकाळीच तोडा, खुशाल. तसंही एक फूल एकच दिवस टिकतं, दुसऱ्या दिवशी शेजारची कळी उमलते. फक्त घरात मांजर असेल तर फूल आत आणूच नका, पान चावलं किंवा परागकण अंगावरून चाटले तरी तिची किडनी जाते.

रानजाई:
मांजर आहे हो! बरं झालं सांगितलंत. आईला सांगते, तुळशीपाशी बाहेरच वाहायचं, आणि मनीला बाहेर सोडायचं नाही.