पाचगणीत पाम: थंडीपेक्षा पाऊस जपा

पाचगणीच्या थंडीत पाम तगेल का, असं विचारलंय. थंडीची काळजी सोडा. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, तेवढी थंडी चिनी विंडमिल पाम सहज सोसतो. उणे १० अंशांतही तो तग धरतो. खरा घात आपला पाऊस करतो. या झाडाला वाढीचा कोंब एकच, शेंड्यात. तो कुजला की झाड गेलंच. मधलं नवं पान हलकेच ओढून बघा. अलगद हातात आलं आणि बुडाशी घाण वास असला तर कूज लागली समजा. म्हणून रोप उंचवट्यावर लावा, पावसाळ्यात आळं ठेवू नका.

आणि खरं सांगू? भेर्ली माड हा आपल्या घाटातला पामच लावा, हा पाऊस त्याच्या अंगवळणी पडलेला आहे. फक्त फुलोरा वरून खाली उतरत संपला की तो मरतो, तेव्हा शेजारी दुसरं रोप आधीच लावून ठेवा.