बाहा कॅलिफोर्निया: तंबूतल्या प्रवासात स्थानिक जेवणासाठी केव्हा थांबावे?

प्रश्न – वाटसरू, सॅन डिएगो

डिसेंबरच्या सुट्टीत मेक्सिकोचा महामार्ग क्रमांक १ धरून दक्षिणेला बाहिया कॉन्सेप्सिओन या उपसागराच्या किनाऱ्यापर्यंत जाण्याचा आणि वाटेत तंबूत राहण्याचा आमचा बेत आहे. इतर वेळी स्टोव्हवर काहीतरी करून घेऊ. परंतु दिवसातून एकदा तरी गावातली माणसे जेवतात तेथे जेवावे, अशी फार इच्छा आहे. सोबत सासूबाई आहेत आणि त्या अंडेही खात नाहीत. दुपारी जेवायला थांबून अंधारापूर्वी मुक्कामी पोहोचता येईल का, आणि त्यांच्यासाठी काय मागवावे?

उत्तर १ – दक्षिणवाट

मेक्सिकोत मुख्य जेवण साधारण दोन ते चारच्या दरम्यान होते. त्या वेळी लहान खानावळींत ‘कोमिदा कोरिदा’ म्हणजे ठरावीक दरात सूप, भात, एक मुख्य पदार्थ, टॉर्टिया (मक्याची किंवा गव्हाची पातळ पोळी) आणि सरबत असे जेवण मिळते. मात्र या रस्त्याला बऱ्याच ठिकाणी कडेची पट्टी नाही आणि रात्री गुरे डांबरावर येतात, त्यामुळे अंधारात गाडी चालवू नये. गेरेरो नेग्रोजवळ २८व्या अक्षांशावर राज्याची हद्द ओलांडताच घड्याळ एक तास पुढे जाते, हेही हिशेबात धरावे. आदल्या रात्री गेरेरो नेग्रोला राहून सकाळी निघाल्यास, खजुरीच्या झाडांतल्या सान इग्नासियोला लवकर जेवून उजेडातच कॉन्सेप्सिओन गाठता येते. उत्तरेकडे, एल रोसारियोनंतर, ३०० किलोमीटरहून अधिक अंतर भरवशाचा पेट्रोल पंप नाही. त्या दिवशी जेवणापेक्षा टाकीची काळजी करावी.

उत्तर २ – मावशी

सासूबाईंसाठी थोडी चौकशी करावी लागेल, कारण दिसायला शाकाहारी असलेले बरेच पदार्थ तसे नसतात. परतलेल्या घेवड्यात आणि उत्तरेकडच्या गव्हाच्या टॉर्टियात बहुधा डुकराची चरबी असते, लाल भात अनेकदा कोंबडीच्या रश्शात शिजवतात, आणि चीज भरलेली ‘चिले रेयेनो’ मिरची अंड्यात घोळवून तळलेली असते. त्यामानाने मक्याची टॉर्टिया निर्धोक, कारण ती चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याची असते. तिच्यासोबत निवडुंगाची भाजी (नोपालेस), ग्वाकामोले (कुस्करलेला अवोकाडो) आणि ‘फ्रिहोलेस दे ला ओया’, म्हणजे नुसता उकडलेला घेवडा, मागवावा. त्यातही चरबी नसल्याची खात्री करून घ्यावी. ‘सिन मान्तेका’, चरबीविना, एवढे दोन शब्द पाठ करून ठेवा. ‘हामायका’ हे सरबत लाल अंबाडीच्या बोंडांचे असते, ते त्यांना ओळखीचे वाटेल.

उत्तर ३ – किनारा

उत्तर १मधल्या वेळापत्रकाशी मी पूर्ण सहमत नाही. डिसेंबरमध्ये त्या भागात साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो, म्हणून दुपारच्या संथ जेवणासाठी तास-दीड तास घालवणे गाडी चालवणाऱ्याला जड जाते. महामार्गावरच्या खानावळी सकाळीही उत्तम चालतात. तेथे ट्रकवाल्यांच्या शेजारी बसून घेवडा, टॉर्टिया आणि मांसाहारींना सुक्या गोमांसाची ‘माचाका’ असा भरपेट नाश्ता करावा आणि दुपारी फळांवर भागवावे. मासे खाणाऱ्यांनी मात्र एन्सेनादाला दुपारीच थांबावे, कारण पिठात बुडवून तळलेल्या माशाचे, वर कोबी घातलेले टाको (सारण घालून दुमडलेली टॉर्टिया) तेथल्यासारखे पुढे मिळत नाहीत. जेवण केव्हाही घ्या, पण जवळ पेसोंत रोख ठेवा आणि शेवटचा घास घेण्याआधीच बिल मागा. मागितल्याशिवाय ते आणून देणे तेथे असभ्य मानतात.