मदत हवी आहे: जेट स्कीचे एक्झॉस्ट पॉवर व्हॉल्व्ह

मंडळी, माझी जुनी सी-डू कंपनीची जेट स्की बेलापूरला घराखाली ट्रेलरवर उभी आहे. इंजिन रोटॅक्स ७८७, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर. सुरुवातीची ओढ मस्त, पण वरच्या आरपीएमला दम संपतो. रेव्ह व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचं तोंड पात्याने कमी-जास्त करणारे पॉवर व्हॉल्व्ह) खोलून पाहिले तर पाती कार्बनने चिकटलेली, शिवाय एक रबरी बेलोज (दाबाने फुगून पातं उचलणारा भाता) फाटलेला. मग एक्झॉस्टच्या दाबाने पातं उचललं जाणार तरी कसं!

पाती घासून साफ केली. आता नुसते बेलोज आणि स्प्रिंग बदलून भागेल, की पात्यांसकट अख्खा संच नवा घालू? तुर्भे एमआयडीसीतला एक लेथवाला पाती बनवून देतो म्हणतोय. पण पातं जरा लांब झालं आणि पिस्टनला लागलं तर इंजिनच बसेल, म्हणून हात धजत नाही. (बायको म्हणते, विकून टाक.)

व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करणारा लाल स्क्रू स्वतः फिरवून पाहिलेलं कुणी आहे का? ठाणे-वाशीकडे सुटे भाग कुठे मिळतात?